कोपऱ्याच्या घराची सही

प्रिय पोरी,

पाकीट बघून दचकू नकोस. फोन असताना पत्र का, असं तुझ्या मनात येणार आणि पहिली शंका माझ्या तब्येतीचीच येणार. तब्येत ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातलं माणूस असल्यासारखे झालेत, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. फोनवर काय होतं, तू ‘बाकी काय?’ म्हणतेस, मी ‘बाकी काही नाही’ म्हणते, आणि सगळं बाकीच राहतं. म्हणून आज शिवणकामाला सुट्टी दिली, खिडकीशी टेबल ओढलं आणि लिहायला बसले. सावकाश वाच. एका बैठकीत नाही झालं तर दोन बैठकांत वाच. माझं अक्षर तुला लागतं, ही त्यातल्या त्यात सोय.

मोठी बातमी आधी सांगून टाकते. आपला रस्ता डांबरी झाला. हो, आपलाच. सून म्हणून या घरात आलीस त्याच आठवड्यात ज्या खडीने तुझ्या नव्या चपलेचा अंगठा तोडला आणि तू एक पाय उघडा टाकत, ओठ चावून हसू दाबत दारात आलीस, तोच रस्ता. आता मुलं त्यावर खडूने चौकोन आखून उड्या मारतात. लाँड्रीवालीच्या दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरेच राहतात. मला मात्र सुरुवातीला घरात बसून काही उमजेचना. पूर्वी खडी वाजली की कोण आलं, कोण गेलं, घाईत आहे की भांडून निघालंय, सगळं आतल्या आत कळायचं. आता माणूस थेट दारातच उगवतं. पण हे सगळं जमलं कसं आणि त्यात मी काय गोंधळ घातला, ते तुला माझ्याच तोंडून कळायला हवं. इथली माणसं तुला कधीतरी भेटतील आणि आपापल्या परीने मीठमसाला लावून सांगतील, त्याआधी.

आपलं शहर म्हणजे नावाला शहर. बाजाराचा रस्ता, इस्पितळाचा आणि शाळेचा, एवढे सोडले तर बाकी सगळीकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसात चिखल. दर निवडणुकीच्या आधी सगळे रस्ते पक्के व्हायचे आणि निकाल लागला की पुन्हा कच्चे. या खेपेला निवडून आलेल्या नगराध्यक्ष बाईंनी मात्र सरळ सांगितलं की तिजोरीत एवढे पैसे नाहीत. सगळ्यांच्या घरपट्टीतून काढावेत तर ज्यांचे रस्ते आधीच पक्के आहेत ते म्हणणार, दुसऱ्यांच्या दारासाठी आम्ही का भरायचं; आणि काढूच नयेत तर आपण जन्मभर धूळ खायची. म्हणून त्यांनी मधली वाट काढली. खर्चाचा एक वाटा नगरपालिकेचा आणि दोन वाटे त्या रस्त्यावरच्या घरमालकांचे. ज्याच्या घराची जेवढी बाजू रस्त्याला लागते तेवढा त्याचा हिस्सा. एकरकमी नको, घरपट्टीबरोबर दहा वर्षं थोडे थोडे भरायचे. जबरदस्ती नाही. निम्म्याहून जास्त मालकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या तरच तो रस्ता यादीत जाणार. मात्र एकदा गेला की ज्यांनी सही केली नाही त्यांनाही आपला हिस्सा चुकणार नाही. ज्यांच्या सह्या आधी पूर्ण, त्यांचं काम आधी.

हे समजवायला आम्हाला शाळेत बोलावलं होतं. सगळी मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली. नगरपालिकेचा इंजिनीअर तरुण होता, बोलायला मऊ. त्याने फळ्यावर आपला रस्ता काढला, घरांचे चौकोन काढले आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला खडूने जाड रेघ ओढली. मग म्हणाला की कोपऱ्याच्या घराला दोन रस्ते लागतात, म्हणून त्यांचा हिस्सा दोन्ही बाजूंनी. बाजूचा बोळही याच कामात धरला होता ना. आपल्या घराची पुढची रेघ एवढीशी, आणि बोळातली बागेची भिंत आणि शेड धरून लांबच लांब. तो ओढत गेला, ओढत गेला, मधे खडू मोडला, दुसरा घेतला. सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. तुझ्या सासऱ्यांनी कोपऱ्याचं घर घेतलं तेव्हा केवढा तोरा होता, दोन्हीकडून वारा येतो म्हणून. आता कळलं, वारा येतो तिथून बिलही येतं.

पुढाकार घेतला तो समोरच्या नर्सबाईंनी. इस्पितळातली ड्युटी संपवून यायच्या, पायातले बूट न काढता संमतीपत्र घेऊन घरोघरी निघायच्या. लाँड्रीवालीने पहिल्याच दिवशी सही केली. आणि पहिल्याच दिवशी नाही म्हणाला तो आपला बेकरीवाला. त्याचा पाव ताजा, स्वभाव मात्र पहिल्यापासून शिळा. त्याचं म्हणणं काय, तर खडीवर गाड्या हळू जातात, हळू गेल्या की माणसाला पावाचा वास येतो, वास आला की गाडी थांबते. डांबर झालं की सगळे भुर्रकन निघून जाणार आणि वर त्यासाठी पैसे त्यानेच भरायचे. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण भट्टीसमोर उभं राहून तो सांगत होता तेव्हा मला पटल्यासारखं झालं होतं.

सह्या बरोबर निम्म्यावर येऊन अडल्या. एक कमी. उरलेल्यांत कुणी परगावी राहणारा, कुणाची दोन भावांत कोर्टकचेरी चाललेली, आणि बेकरीवाला तर हात जोडूनही ऐकणार नव्हता. म्हणजे राहिले मी. नर्सबाई आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, परवडत नाही. त्यात खोटं नव्हतं. तुझ्या सासऱ्यांची पेन्शन आणि माझं शिवण यात घर चालतं, पण दुहेरी हप्ता बसवायला जागा नाही. त्या बिचाऱ्या कागद उचलून गेल्या. नंतर मात्र रस्त्यावर गार वारं सुटलं. येता-जाता खिडकीतून हाक मारणारे लोक चपलेकडे बघत जायला लागले. एकटा बेकरीवाला खूश. आम्ही दोघं एका पक्षातले झालो असं त्याने परस्पर ठरवून टाकलं आणि रोज सकाळी गरम पाव पाठवायला लागला. तो पाव माझ्या घशाखाली उतरत नव्हता असं लिहिलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. पण उतरत होता. लोणी लावून उतरत होता.

पैशांचं कारण अर्धं होतं. उरलेलं अर्धं तुला सांगायची खरं तर गरज नाही, कारण तेव्हा तू याच घरात होतीस. तुझी लेक, आपल्या बाईसाहेब, पाळण्यात होत्या. माझ्या लेकाच्या डोक्यात रस्त्याचं खूळ शिरलं ते त्याच वर्षी. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या, सगळ्यांशी हसूनखेळून, त्यामुळे त्याला वाटलं आपण मागितलं की लोक देतील. तेव्हा नगरपालिका काहीच देत नव्हती, सगळा खर्च रस्त्यावरच्या लोकांचाच. दिवसभर पाट्या रंगवून संध्याकाळी हातावरचा रंगही न काढता तो सह्या मागत फिरला. आठवतं ना, परत आला आणि जेवताना एकेकाची नक्कल करून दाखवली. बेकरीवाला त्याला म्हणाला होता, ‘तू पाट्या रंगव, रस्ते रंगवू नकोस.’ तो ज्या आवाजात म्हणाला अगदी त्याच आवाजात त्याने म्हणून दाखवलं. तुला हसून हसून उचकी लागली, तुझ्या पाठीवर मला थापट्या माराव्या लागल्या. जेवण झाल्यावर तो शेडमध्ये गेला. मी भांडी विसळताना खिडकीतून बघितलं, तर धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत बसला होता. त्या दिवसानंतर त्याने रस्त्याचं नाव काढलं नाही.

पुढच्याच वर्षी त्याचं दुखणं निघालं. इस्पितळाची गाडी आली तेव्हा खडीवरून ती किती हळू गेली, तेही तुला माहीत आहे. त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक धक्क्याला तू हात त्याच्या मानेखाली घालत होतीस. डॉक्टरांनी नंतर मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की अर्धा तास आधी पोचलो असतो तरी काही फरक पडला नसता. डोक्याला पटलं. पण पोटातलं दुःख डॉक्टरचं ऐकत नाही, पोरी. मी त्या खडीवर राग धरला आणि ज्या ज्या घराने त्याला नाही म्हटलं त्या त्या घरावर धरला. बोलले कुणाला नाही. त्यांचे पडदे शिवले, त्यांच्या पोरांचे शाळेचे कपडे शिवले, टाके सरळच घातले, पण आढी गेली नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी त्यांचा कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर आला होता, माझ्या एका सहीसाठी अडलेला. त्याला रिकाम्या हातांनी पाठवलंत ना, आता तुम्हीही तसेच जा, असं मी मनात म्हणत होते. आणि खोटं कशाला बोलू, म्हणताना गोड लागत होतं.

तशात एका दुपारी लाँड्रीवाली आली. इतक्या वर्षांत ती आपल्या उंबऱ्याच्या आत आलेली तुला तरी आठवते का? कपडे दारातून द्यायची, पैसे दारातून घ्यायची. मी तिला घुमी समजत होते. त्या दिवशी आत आली, खुर्ची देऊ केली तरी जमिनीवरच बसली आणि पदराचं टोक मुठीत धरून बोलायला लागली. मला वाटलं, आता ही धुळीचं गाऱ्हाणं सांगणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती म्हणाली, “काकू, तुमचा लेक सही मागायला आला होता तेव्हा मी नाही म्हणाले होते. तेव्हापासून या घरात पाय टाकायची मला लाज वाटते.”

मग तिने सांगितलं. ज्या महिन्यात तो तिच्या दारात गेला, त्याच महिन्यात तिचा नवरा तिला टाकून निघून गेला होता. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, गावी गेलाय म्हणत होती. घरात दाणा नव्हता. सहीचा कागद पुढे आला आणि तिला रडू फुटलं. हा घाबरला. कागद घडी करून खिशात टाकला, तिथेच पायरीवर बसला आणि दुकानाची पाटी कुठे गेली म्हणून विचारलं, कारण नुसते दोन खिळे दिसत होते. ती वाऱ्याने पडून फुटली होती. पुढच्या रविवारी तो नवी फळी घेऊन आला, दुपारभर खपून पाटी रंगवली, एक पैसा घेतला नाही. जाताना म्हणाला, “सही राहू दे. आधी दुकान चालू दे. मग मीच येतो परत मागायला.”

मग म्हणाली, “तो आला नाही. म्हणून मी आले.”

तुला सांगते, त्याच्याविषयीचं सगळं मला माहीत आहे असं मी समजत होते. त्याचा पहिला दात कुठला पडला, कुठल्या सदऱ्याची कॉलर त्याला टोचायची, सगळं. आणि हा एक अख्खा रविवार माझ्या हिशेबात नव्हताच. कुठे होतास रे दिवसभर, असं मी त्याला नक्की विचारलं असणार, आणि त्याने काहीतरी ठोकून दिलं असणार. गेलेल्या माणसाकडून नवीन काही मिळत नाही असं आपण धरून चालतो ना, तर त्या दुपारी मला मिळालं. मी खुर्चीवरून उठले आणि तिच्या शेजारी खाली बसले. गुडघ्यांनी बोंब मारली, मारू दिली. चहा झाला तो दिवेलागणीला. मधल्या वेळात आम्ही काय बोललो ते तिचं माझं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना बोलावून सही केली. त्या डोळे पुसत म्हणाल्या की काकू, तुमच्या बोळातल्या बाजूचा भार आम्ही सगळे वाटून घेऊ, बस धरायला त्या बोळातून सगळेच जातो. त्यांनी पाच-सहा जणांना विचारूनही ठेवलं होतं. मनात चांगलंच होतं, पण माझी मान ताठ झाली. दहा वर्षं दर हप्त्याला शेजाऱ्यांकडून पैसे घ्यायचे आणि दहा वर्षं त्यांना बघून आधी हसायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. गंमत म्हणजे बेकरीवाला पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलला. नियम म्हणजे नियम, ज्याची भिंत त्याचा भार, असं रस्त्यात उभं राहून ठणकावून सांगितलं. त्याला मला पैसे भरताना बघायचं होतं, पण मला त्याचा आधारच झाला. सहीची बातमी कळल्यापासून पाव बंद झाला होता, हे वेगळं सांगायला नको.

उपाय लाँड्रीवालीच्या बोलण्यातूनच निघाला. तिच्या एका खोलीत धुणं, इस्त्री, चूल आणि झोपणं, सगळं एकाच जागी. इस्त्रीला कोरडी, मोठी जागा मिळाली तर इस्पितळाच्या चादरींचं काम मिळेल असं नर्सबाई तिला कधीच्या सांगत होत्या. आणि आपली शेड बोळाकडे दार असलेली, कुलूप लावून पडलेली. भाडं येईल ते बोळाच्या बाजूच्या हप्त्याला जाईल. तिला जागा, मला मान, नगरपालिकेला पैसे. सुचलं तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की कुलूप काढावं लागणार.

इथे तुला सांगायला हवं, कारण ती शेड जेवढी माझी तेवढी तुझी होती. मास्तरांशी दुसरं लग्न करून तू निघालीस त्या सकाळी शेडची किल्ली तू माझ्या तळहातावर ठेवलीस आणि माझी बोटं तुझ्या हाताने मिटवलीस. मीच तुझ्यामागे लागले होते लग्नासाठी, मीच मास्तरांची चौकशी केली, माणूस साधा आहे, मुलीला जीव लावतो हे मीच आधी ओळखलं, आणि तरी त्या सकाळी मला तुझ्याकडे नीट बघता आलं नव्हतं. त्या किल्लीला मी तेव्हापासून हात लावला नव्हता. तुला विचारून उघडावं असं वाटलं, फोन हातातही घेतला. पण विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस आणि रात्रभर जागी राहिली असतीस. म्हणून न विचारता उघडलं. रागवायचं तर खुशाल रागव.

आत काही भयंकर नव्हतं. धूळ, कोळिष्टकं आणि घट्ट झालेले रंगाचे डबे. मी आणि लाँड्रीवालीने मिळून साफ केलं. निळ्या रंगाचा एक डबा तळाशी अजून ओला निघाला, तेवढा मी झाकण लावून परत ठेवला, कशासाठी कोण जाणे. चांगले ब्रश बाजारात पाट्या रंगवणारी एक मुलगी आहे तिला दिले. ती आधी नकोच म्हणाली, इतके चांगले ब्रश वापरायला भीती वाटते म्हणाली. त्याचा रंगाने कडक झालेला एप्रन उभा केला तर उभा राहायचा, माणसासारखा. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो आणि एकदम हसू फुटलं. तू असतीस तर तुला उचकी लागली असती. एप्रन मी ठेवलाय. तुला हवा असेल तर तुझा, नको असेल तर माझा.

मग काम सुरू झालं. आधी मोजणीवाले, मग खोरी-घमेली, मग तो रोलर, ज्याच्यामागे गावातली सगळी पोरं शाळा सोडून. घरातली कपाटं थरथरायची, बरणीतले चमचे वाजायचे. मी रोज खुर्ची टाकून दारात बसायची. कामावरच्या मुकादमाला मी विचारलं, एवढी जुनी खडी काढून कुठे टाकणार? तो म्हणाला, “काढायची कशाला? हिच्यावरच तर रस्ता उभा राहणार. हीच दाबायची आणि वर डांबर.” मला ते ऐकून एकदम मोकळं वाटलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

डांबर ओतलं त्या दिवशी कुणी पाय ठेवू नये म्हणून दोन्ही टोकांना दोऱ्या बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर दोरी खाली आणि रस्त्याच्या मधोमध पावाच्या हातगाडीच्या चाकांच्या दोन बारीक रेषा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंधारात पहिला फेरफटका त्यानेच मारला होता. त्याने सही शेवटपर्यंत केली नाही, अजून हप्ता भरताना नगराध्यक्ष बाईंच्या सात पिढ्या काढतो. पण गाड्या त्याच्या दारात थांबायच्या थांबल्या नाहीत, आणि संध्याकाळी खुर्ची टाकून रस्त्यावर बसतो तोच सगळ्यात आधी. परवा मला म्हणाला, वहिनी, पावाच्या गाडीचं चाक आता वर्षभर दुरुस्त करायला नको. माफी मागायची त्याची हीच रीत असावी. मी मागवला पाव, पैसे देऊन.

हे एवढं सगळं लिहिलं, पण पत्र रस्त्यासाठी लिहिलेलं नाही. मागे एकदा फोन बाईसाहेबांनी उचलला होता. म्हणाल्या, आई झोपलीय, तिला हल्ली सारखी झोप येते, मास्तरबाबा पोळ्या करतात आणि त्या नकाशासारख्या होतात. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, “आजी, एक गंमत आहे, पण तुला सांगायची नाही, तुला वाईट वाटेल.” मी काही विचारलं नाही गं, शपथ. पण एवढी मोठी गंमत एवढ्याशा पोटात किती वेळ राहणार? तर मला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे, आणि तू सांगशील म्हणून वाट बघतेय. तू कित्येक महिने इकडे फिरकली नाहीस, फोनवर मला हाकच मारत नाहीस, ‘आई’ जिभेवर येतं आणि तू ते गिळून ‘कशा आहात’वर जातेस, ते का, हे आता कळलं. मला वाईट वाटलं का? पहिल्या दिवशी वाटलं. तो असता तर, एवढा एकच विचार आला आणि पोटभर रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी कपाटातलं सगळ्यात मऊ सुती कापड काढलं. झबली शिवून झाली आहेत, टोपडी बाकी आहेत. मास्तरांना माझा निरोप सांग की गाडी आता थेट दारापर्यंत येते, तुला एकही धक्का बसणार नाही, आणि पोळ्या मी शिकवीन. बाळाला दोन आज्या आधीच आहेत, मला ठाऊक आहे. तिसरी जास्त झाली तर त्याचं काही बिघडत नाही, आणि मला मात्र खूप काही मिळतं. त्याला माझ्या मांडीवर ठेवताना तू कसला विचार करू नकोस. मी त्याच्यात कुणाचा चेहरा शोधणार नाही, त्याचा जो असेल तोच बघेन. दवाखान्याची तारीख कळव, आणि तुम्ही सगळे या.

तुझीच,
आई